धाप लागलेल्या पेशंटची हेड टू टो तपासणी: क्रम नेमका कसा लावायचा?

इंटर्न_मेडिसिन

नमस्कार. बीएस्सी नर्सिंगची इंटर्नशिप चालू आहे, सध्या मेडिसिन वॉर्ड. इन्स्पेक्शन (बघणं), पाल्पेशन (दाबून बघणं), परकशन (ठोकून बघणं), ऑस्कल्टेशन (ऐकणं) हा क्रम पाठ आहे. पोटाला तो बदलतो हेही माहीत आहे. पण लॅबमध्ये मैत्रिणीवर तपासणी करताना ती सांगाल तशी झोपते आणि सांगाल तेव्हा उठते. वॉर्डात नवीन अ‍ॅडमिशन येते ती अशी: पुरुष, वय ६४, जुना मधुमेह, दोन दिवसांपासून धाप, दोन्ही पायांना सूज, आडवं झालं की जीव घाबरतो म्हणून रात्रभर बसून काढलेली. नाकात प्राँग्ज (ऑक्सिजनची नळी), २ लिटर ऑक्सिजन. एक वाक्य बोलताना दोनदा थांबावं लागतं. डोक्यापासून पायापर्यंत जायचं म्हटलं तर निम्म्यातच तो थकतो.

अशा पेशंटमध्ये आधी काय आणि नंतर काय? मागच्या बाजूच्या क्रॅकल्स (श्वासाबरोबर फुफ्फुसात येणारे तडतड आवाज) खऱ्या की नुसती खरखर, हे कसं ओळखायचं? आतड्यांचे आवाज खरंच पाच मिनिटं ऐकायचे का? आणि पायाची सूज सकाळच्या ड्युटीत २ प्लस, दुपारी ३ प्लस, रात्री परत १ प्लस लिहिलेली असते, त्यावर भरवसा कसा ठेवायचा?

---

इन्चार्ज_मेल_मेडिकल

शरीराचे भाग डोक्यापासून मोजत जाऊ नका. पेशंट कोणत्या स्थितीत बसला आहे त्यावर क्रम बांधा. धाप असलेल्या माणसाला उठ-बस करायला लावली की प्रत्येक वेळी तो अधिक दमतो, आणि मग तुम्ही मोजलेली नाडी, श्वास, सॅच्युरेशन सगळं तुमच्या उठबशीचं असतं, त्याच्या आजाराचं नसतं. तीनच स्थिती ठेवा: पाठ टेकून बसलेला, पुढे वाकून बसलेला, आणि शेवटी सोसेल तेवढाच मागे रेललेला. एका स्थितीत त्या बाजूचं जे दिसतं, हाताला लागतं आणि ऐकू येतं ते सगळं एकदम उरकायचं.

त्याआधी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून अर्धा मिनिट नुसतं बघा. हात गुडघ्यांवर किंवा गादीवर रोवून बसला आहे का, मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणतायत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, ओठांचा रंग, कपाळावर घाम. एका श्वासात किती शब्द येतात ते मोजा. दोन-तीनच शब्द येत असतील, अंग गार आणि घामेजलेलं असेल, किंवा माणूस पेंगुळलेला असेल तर हेड टू टो तिथेच थांबवा, खाटेचं डोकं वर करा, डॉक्टरांना बोलवा. उरलेली तपासणी नंतर होते.

स्थिर असेल तर पडदा ओढा, हात धुवा, स्टेथोचं डायफ्रॅम स्पिरिट स्वॅबने पुसा, काय करणार ते पेशंटला सांगा. ऑक्सिजन चालूच ठेवा. "रूम एअरवर किती येतं बघू" म्हणून प्राँग्ज काढायचा मोह टाळा. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

पहिली स्थिती, टेकून बसलेला. मनगटावर बोटं ठेवून नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. अशा पेशंटची नाडी अनियमित असण्याची शक्यता बरीच, आणि १५ सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमित नाडीत मोठी चूक होते. अनियमित लागली तर एकाने छातीवर एपेक्स (हृदयाच्या टोकाचा ठोका) आणि दुसऱ्याने मनगट, एकाच घड्याळावर, एकाच मिनिटात मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पल्स डेफिसिट, तो वेगळा लिहा. नाडी झाल्यावर बोटं तिथेच राहू द्या आणि पुढचं मिनिट श्वास मोजा. "आता श्वास मोजते" असं सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

बीपीत सगळ्यात जास्त चुका कफच्या होतात. कफच्या आतल्या रबरी फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. नेहमीचा अ‍ॅडल्ट कफ साधारण २७ ते ३४ सेंमी दंडाला चालतो. जाड दंडावर तोच बांधला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं आणि बारीक म्हाताऱ्या दंडावर सैल कफ खोटं कमी दाखवतो. दंड हृदयाच्या पातळीवर, खालून आधार दिलेला. हात खाटेवरून खाली लोंबत असेल तर दर १० सेंमीला ८ मिमीच्या आसपास जास्त येतं. पाय एकावर एक नकोत, मोजताना पेशंटशी बोलणं नको. आधी मनगटाची नाडी नाहीशी होईपर्यंत फुगवा, तो आकडा लक्षात ठेवा, कफ पूर्ण सोडा, मग त्या आकड्याच्या ३० मिमी वर नेऊन सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने सोडा. ही हाताने अंदाज घेण्याची पायरी गाळली तर ऑस्कल्टेटरी गॅपमध्ये (ठोक्यांचा आवाज मध्येच बंद होऊन खाली परत येतो तिथे) फसायला होतं आणि १८० सिस्टोलिकच्या माणसाचं १४० लिहिलं जातं. डायलिसिसचा फिस्टुला (शीर आणि धमनी जोडलेली जागा) ज्या हाताला आहे तो हात वर्ज्य.

याच स्थितीत डोळ्यांची खालची पापणी, जीभ, मान, छातीची पुढची बाजू, हृदय, हात आणि पाय. फिकेपणा पापणीच्या आतल्या बाजूला, कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, आणि तीही खिडकीच्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली हलकी कावीळ दिसत नाही. सावळ्या कातडीवर निळेपणा चेहऱ्यावर शोधू नका, जिभेखाली आणि ओठांच्या आतल्या बाजूला शोधा. मानेची शीर बघायला डोकं ४५ अंशांवर, मान किंचित डावीकडे वळवलेली. स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरचा आडवा उंचवटा) शिरेच्या ठोक्याचं वरचं टोक सरळ उभ्या रेषेत ३ सेंमीपेक्षा वर असेल तर दाब वाढलेला. तोच स्टर्नल अँगल हृदय ऐकतानाही कामाला येतो: त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. उजवीकडे एऑर्टिक, डावीकडे पल्मनरी, तिथून डाव्या कडेने खाली चौथ्या-पाचव्या फटीत ट्रायकस्पिड, आणि पाचव्या फटीत मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यातून खाली येणारी रेषा) मायट्रल. मोठ्या झालेल्या हृदयात एपेक्स या रेषेच्या बाहेर सरकलेला लागतो, तेव्हा जिथे लागेल तिथे ऐका आणि जागाही लिहा.

दुसरी स्थिती. ओव्हरबेड टेबल पुढे ओढून त्यावर उशी, त्यावर हात टेकून पुढे वाकू द्या, शेजारी मावशी किंवा मामा आधाराला. एकदा पाठ मोकळी झाली की फुफ्फुसं, कण्याची त्वचा, माकडहाड, कमरेखालची सूज सगळं एकाच वेळी. इथे एक बदल करा: पुस्तकात वरून खाली ऐकायला सांगितलंय, पण जो दमणार हे माहीत आहे त्याच्या फुफ्फुसाच्या तळापासून सुरुवात करा. तोंड उघडं ठेवून नेहमीपेक्षा थोडा खोल श्वास, प्रत्येक जागी एक पूर्ण श्वास आत-बाहेर, मग लगेच दुसऱ्या बाजूची तीच जागा. चार-पाच श्वासांनंतर थांबा, नाहीतर चक्कर येते. उजव्या फुफ्फुसाचा मधला लोब पाठीमागून ऐकूच येत नाही, तो पुढून आणि काखेखालून ऐकायचा. मागून सगळं नॉर्मल म्हणून मधल्या लोबचा न्यूमोनिया सुटतो तो यामुळे.

खरखर आणि क्रॅकल्स वेगळे करायला आधी खरखरीची कारणं काढून टाका. सदरा किंवा गाऊनवरून ऐकायचं नाही. छातीवर केस असतील तर डायफ्रॅम घट्ट दाबा किंवा केस ओल्या कापसाने ओले करा, कोरडे केस हुबेहूब बारीक क्रॅकल्ससारखे वाजतात. नळी खाटेच्या कठड्याला किंवा तुमच्या ओढणीला घासू देऊ नका. ह्युमिडिफायरच्या बाटलीतली बुडबुड आणि घशातला कफ छातीभर ऐकू येतो, म्हणून एकदा खोकायला सांगून परत तीच जागा ऐका. खोकल्यानंतर गेले किंवा बदलले तर मोठ्या श्वासनलिकांतला कफ. तसेच राहिले, दोन्हीकडे तळाशी, श्वास आत घेण्याच्या शेवटी शेवटी, तर फुफ्फुसात पाणी साचण्याकडे बोट. स्टेथोचे इअरपीस नाकाच्या दिशेने हवेत, उलटे घातले तर अर्धा आवाज जातो आणि दोष पेशंटच्या छातीला लागतो.

तिसऱ्या स्थितीत पोट. ते सर्जिकलवाले जास्त नीट सांगतील.

---

सर्जिकल_ब्रदर

पोटात क्रम बदलण्याचं कारण एवढंच की दाबल्याने आणि ठोकल्याने आतडी हलतात आणि आवाज बदलतात. म्हणून बघा, ऐका, मग ठोका, शेवटी दाबा. पण त्याआधी लघवी करून घ्यायला सांगा, कारण भरलेलं मूत्राशय बेंबीखाली गाठीसारखं लागतं. ६४ वर्षांच्या पुरुषात प्रोस्टेटमुळे लघवी अडलेली असणं काही दुर्मीळ नाही. लघवी करूनही ओटीपोटावर ठोकल्यावर डल वाजत असेल तर ते सांगण्यासारखं फाइंडिंग आहे, विशेषतः डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) देणार असतील तर.

आडवं होता येत नसेल तर आडवं करू नका. डोकं ३० अंशांवर सोसत असेल तर तेवढंच, नसेल तर त्याहून वर. गुडघे दुमडून त्यांखाली उशी, हात डोक्याखाली नकोत, कारण त्याने पोटाचे स्नायू ताठ होतात. तुमचे हात आणि स्टेथो गरम करून घ्या. दुखतं कुठे ते आधी विचारा आणि ती जागा शेवटी ठेवा. सुरुवातीलाच तिथे दाबलंत तर पुढचं सगळं पोट तो ताठ धरून ठेवतो आणि खरं गार्डिंग (पोटाचे स्नायू आपोआप ताठ होणं) कुठलं, भीतीचं कुठलं, हे कळेनासं होतं. दाबताना नजर हाताकडे नको, चेहऱ्याकडे हवी. हलकं पाल्पेशन १ ते २ सेंमी, बोटांच्या सपाट भागाने. बेंबीच्या वर ठोके देणारी गाठ दिसली किंवा लागली तर पुढे खोल दाबायचं नाही, थेट डॉक्टरांना कळवायचं.

पाच मिनिटांबद्दल. उजव्या बाजूला खाली, आयलिओसीकल व्हॉल्व्हच्या (लहान आणि मोठ्या आतड्याच्या मधली झडप) जागी ऐकायला सुरुवात करा, तिथे आवाज मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मिनिटाला ५ ते ३० आवाज नॉर्मल धरतात. लगेच ऐकू आले तर प्रत्येक कोपऱ्यात मिनिटभर उभं राहायची गरज नाही, कारण पोटातला आवाज लांबवर पसरतो. पाच मिनिटांचा नियम "आवाज नाहीत" असं लिहिण्यापूर्वीचा आहे. अर्धा मिनिट ऐकून "अ‍ॅबसेंट" लिहिणं चूक. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) सक्शनला लावलेली असेल तर ऐकेपर्यंत क्लॅम्प करा, नाहीतर सक्शनचाच आवाज मोजला जातो. आणि ऑपरेशननंतर आतडी चालू झाली का हे ठरवताना आवाजांपेक्षा गॅस पास झाला का, संडास झाली का, उलटी आहे का, पोट फुगतंय का, यांवर जास्त भरवसा ठेवा.

तुमच्या पेशंटमध्ये उजव्या बरगडीखाली दुखरं, भरलेलं यकृत लागू शकतं, आणि पोटात पाणीही असू शकतं. पाण्यासाठी बेंबीपासून कुशीकडे ठोकत जा, आवाज डल झाला तिथे बोट तसंच ठेवा, पेशंटला दुसऱ्या कुशीवर वळवा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि त्याच जागी परत ठोका. डल होतं तिथे पोकळ वाजलं तर शिफ्टिंग डलनेस. धाप असताना कुशीवर वळवणं जमत नसेल तर हे सोडून द्या आणि घेर मोजा: टेप बेंबीवरून, श्वास सोडल्यावर, आणि टेपच्या दोन्ही कडांना पेनने खूण. खूण नसेल तर उद्याचा आकडा आजच्या आकड्याशी जोडता येत नाही.

---

आयसीयू_रात्रपाळी

इन्चार्ज ताईंच्या उत्तरात दोन गोष्टींची भर.

सॅच्युरेशनचा प्रोब बीपीच्या कफच्या विरुद्ध हातावर लावा. कफ फुगला की त्या हाताचा रक्तप्रवाह थांबतो आणि आकडा कोसळतो, मग विनाकारण ऑक्सिजन वाढवला जातो. स्क्रीनवरची लाट नीट उठेपर्यंत आणि मशीनवरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळेपर्यंत आकडा लिहू नका. बोटं गार असतील तर आधी गरम करा. नेलपॉलिश किंवा गडद काळी मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी वापरा. सावळ्या कातडीवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून ९२ दिसतंय आणि माणूस मात्र धापतोय, तर माणसावर विश्वास ठेवा. आणि आकड्याशेजारी "२ लिटर प्राँग्ज" हे लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. जुना दमा, बिडी, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) असेल तर ९८ चा हट्ट धरायचा नाही. कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्यांना साधारण ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं, पण ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुसरं, श्वासाचा आकडा. बऱ्याच टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर अख्ख्या वॉर्डाचा श्वास १८ किंवा २० असतो. पेशंट बिघडताना बहुतेक वेळा आधी हाच आकडा हलतो, बीपी नंतर पडतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज २ (पेशंट किती बिघडलाय ते गुणांत सांगणारा) या स्कोअरमध्ये श्वास २१ ते २४ असेल तर २ गुण आणि २५ किंवा जास्त असेल तर एकदम ३. कुठल्याही एका गोष्टीत ३ आले तर लगेच दखल घ्यायची, आणि एकूण ७ किंवा जास्त म्हणजे इमर्जन्सी. नवीन गोंधळलेपणालाही तिथे ३ गुण आहेत. म्हणून शुद्ध तपासताना फक्त "कॉन्शस, ओरिएंटेड" लिहून पुढे जाऊ नका.

ओरिएंटेशनचे प्रश्न माणसाप्रमाणे बदला. तारीख न सांगता येणं म्हणजे गोंधळ, असं खेड्यातल्या वयस्क माणसाच्या बाबतीत धरता येत नाही. आज कुठला वार, तुमच्या गावचा बाजार कधी असतो, आता सकाळ की संध्याकाळ, सोबत कोण आलंय, हे कुठलं ठिकाण, हे विचारा आणि उत्तर नातेवाइकाकडून पडताळा. पेशंट अहिराणी, पावरी, गोंडी बोलणारा असेल तर आधी नातेवाइकाला मध्ये घ्या. भाषा कळली नाही म्हणून शुद्धीच्या स्केलमधले व्हर्बलचे (बोलण्याचे) गुण कापू नका. ऐकायला कमी येतं का तेही बघा.

ग्लासगो कोमा स्केल लिहिताना नुसतं "१४" नको, डोळे, बोलणं, हालचाल वेगळे लिहा: ई४ व्ही४ एम६. एकूण १४ असलं तरी गुण कुठे गेला यावर पुढचा निर्णय असतो. आज्ञा देताना स्वतः करून दाखवू नका, नाहीतर तो नक्कल करतो. हात दाबायला सांगितला तर सोडायलाही सांगा. नुसतं धरून ठेवणं ही आज्ञा पाळणं नव्हे, ती ग्रास्प रिफ्लेक्स असू शकते. वेदना द्यावीच लागली तर ट्रॅपिझियसचा (मान आणि खांद्यामधला स्नायू) चिमटा किंवा भुवईच्या कडेवर दाब, आणि तोही हळूहळू वाढवत. छातीच्या हाडावर बोटं घासायची पद्धत सोडा, ती कातडी सोलते आणि दिवसातून चारदा केली तर जखम होते. आणि मधुमेही माणूस पेंगुळलेला किंवा बडबडत असेल तर कुठलाही स्केल भरण्याआधी ग्लुकोमीटर.

---

इंटर्न_मेडिसिन

सगळ्यांचे आभार. स्थितीनुसार क्रम ही गोष्ट लगेच पटली. सुजेच्या प्लसचं राहिलं. आणि पाय बघताना मधुमेहाचं वेगळं काय बघायचं?

---

इन्चार्ज_मेल_मेडिकल

सुजेचे आकडे बदलतात कारण प्रत्येक जण वेगळ्या जागी, वेगळ्या जोराने, वेगळा वेळ दाबतो. अंगठा नडगीच्या हाडावर किंवा आतल्या घोट्यामागे, पाच सेकंद, स्थिर दाब, मग उचला आणि खड्डा बघा. २ मिमी म्हणजे १ प्लस, ४ म्हणजे २, ६ म्हणजे ३, ८ म्हणजे ४. पण डोळ्यांनी मिलिमीटर कुणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून प्लसबरोबर सूज कुठपर्यंत आहे ते लिहा: घोट्यापर्यंत, नडगीच्या मध्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत. हे तिन्ही ड्युट्यांत जुळतं. रात्रभर खाटेवर राहिलेल्या माणसात पाणी माकडहाडाकडे सरकतं, मग पाय उतरलेले दिसतात आणि रात्रीच्या सिस्टर १ प्लस लिहितात. म्हणून पाठ तपासताना माकडहाडावरही दाबून बघा.

एकाच पायाला सूज असेल तर विचार बदला. टिबियाच्या पुढच्या उंचवट्यापासून १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त फरक, दुखरेपणा, ऊब असेल तर डीव्हीटीची (पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी) शंका म्हणून कळवा. पाय वाकवून होमन्स साइन बघणं सोडा, ते विश्वासार्ह नाही. ती पोटरी चोळायची नाही, आणि नातेवाइकांनाही तेल लावून चोळू नका म्हणून सांगा. आपल्याकडे हे हमखास होतं.

रोजचं वजन सुजेपेक्षा खरं बोलतं. तोच काटा, सकाळी, लघवीनंतर, न्याहारीआधी, साधारण तेवढेच कपडे. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ म्हणजे पाणी साचतंय.

---

पाऊल_तपासा

मधुमेही पायाबद्दल. मोजे काढा, पाय नीट उजेडात घ्या आणि पाच जागा बघा ज्या कुणी बघत नाही: बोटांच्या मधल्या बेचक्या, टाचांची मागची बाजू, तळव्याची पुढची गादी, नखांच्या कडा, अंगठ्याच्या बाहेरची बाजू. संवेदना गेलेली असते, म्हणून "दुखतंय का" याचं "नाही" हे उत्तर काही सिद्ध करत नाही. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा बारीक नायलॉनचा धागा) असेल तर पेशंटचे डोळे मिटलेले, फिलामेंट वाकेपर्यंत लावायचा, घट्ट्यावर किंवा जखमेवर लावायचा नाही, आणि "आता लागलं का" असं प्रत्येक वेळी विचारत बसायचं नाही, नाहीतर तो अंदाजाने हो म्हणतो.

पायाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ चाचपा. सूज असेल तर आधी अंगठ्याने काही सेकंद हलकं दाबून पाणी बाजूला सारा, मग बोटं ठेवा. पायाच्या वरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून घोट्यामागची बघितल्याशिवाय "नाडी नाही" लिहू नका. दोन्ही नाहीत आणि पाय गार, फिकट आहे तर मात्र थांबायचं नाही.

स्त्री पेशंट असेल तर जोडवी बघा. सूज वाढत असताना जोडवी बोटात रुतते आणि रक्त अडतं. ती सुरुवातीलाच, पेशंटला आणि घरच्यांना नीट समजावून काढायची. उशिरा कापावीच लागते. हातातल्या घट्ट बांगड्यांचंही तेच.

तोंडाकडेही लक्ष द्या, ते बहुतेक केस पेपरवर रिकामंच असतं. तंबाखू, मिश्री, गुटखा विचारा आणि गाल-हिरड्यांच्या मधली खोबण बोटाने बाजूला करून बघा, पांढरे किंवा लाल चट्टे असतील तर नोंदवा. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर तेही लिहा. धाप वाढून उद्या इंट्युबेशन लागलं तर तोंड किती उघडतं हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं. कवळी असेल तर ती आत्ताच काढून, नाव लिहिलेल्या डबीत.

---

फाउंडेशन_इन्स्ट्रक्टर

चर्चा छान चालली आहे, पण इंटर्नचा हात शेवटी अडतो तो लिहिताना, म्हणून त्याबद्दल. आताच्या अभ्यासक्रमात हेल्थ असेसमेंट नर्सिंग फाउंडेशन २ मध्ये येतं, तिथे फॉरमॅट भरायला शिकतात, आणि फॉरमॅटच्या रकान्यात "नॉर्मल", "क्लिअर", "गुड" एवढं भरायची सवय लागते. "चेस्ट क्लिअर" म्हणजे कुठे ऐकलं, किती ऐकलं? जे बघितलं नाही ते "तपासलं नाही" असं लिहा आणि कारण द्या. धाप असल्याने पोट आडवं करून तपासता आलं नाही, हीसुद्धा नोंद आहे. न केलेल्या तपासणीपुढे "एनएडी" (काही दोष आढळला नाही) लिहिणं मात्र पेशंटसाठी धोक्याचं आहे, कारण पुढची ड्युटी त्यालाच पाया धरते.

निदान लिहू नका, जे सापडलं ते लिहा. "हार्ट फेल्युअर" ऐवजी असं: "पाठीमागे दोन्ही बाजूंना तळाच्या एक तृतीयांश भागात श्वास घेताना बारीक क्रॅकल्स, खोकल्यानंतर तशाच. श्वास २८, एका श्वासात ३-४ शब्द. सॅच्युरेशन ९१ टक्के, २ लिटर प्राँग्ज. नाडी ११२, अनियमित, एपेक्स १२६. बीपी १५८/९४, उजवा दंड, बसून. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत सूज, ३ प्लस, माकडहाडावर १ प्लस. तीन उशा लागतात." हे वाचून सहा तासांनी येणाऱ्या सिस्टरला पेशंट सुधारला की बिघडला ते समजतं. वेळ तपासणीची लिहा, लिहायला बसलात तेव्हाची नको.

डॉक्टरांना फोन करताना हीच सामग्री चार तुकड्यांत. आधी मी कोण, कुठल्या वॉर्डातून, कुठल्या पेशंटबद्दल, आणि आत्ता काय बिघडलं ते. मग मागचं थोडक्यात: मधुमेह, दोन दिवस धाप, कधी भरती, काय चालू आहे. मग वरचे आकडे. शेवटी मला काय हवंय ते: "पाच मिनिटांत येऊन बघा" किंवा "ऑक्सिजन वाढवू का, ईसीजी काढून ठेवू का". "सर, पेशंटला जरा त्रास होतोय" एवढ्यावर रात्री तीन वाजता कुणाला घाई कळत नाही. तोंडी ऑर्डर आली तर ती फोनवरच परत वाचून दाखवा आणि वेळेसह लिहा.

---

आयसीयू_रात्रपाळी

इन्स्ट्रक्टर मॅडमच्या उदाहरणातला पेशंट न्यूज २ वर काढून बघा: श्वास २८ चे ३, सॅच्युरेशन ९१ चे ३, ऑक्सिजन चालू म्हणून २, नाडी ११२ चे २. बीपी, ताप, शुद्ध नीट असूनही झाले १०. म्हणजे हा फोन तपासणी पूर्ण झाल्यावर करायचा नसतो, पहिल्या स्थितीतले आकडे हातात आले की लगेच करायचा. पाठ आणि पोट डॉक्टर येईपर्यंत होतं.

आणि लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) शिरेतून दिलं तर परत कधी बघायचं हे आधीच ठरवून घ्या. परिणाम पाच मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वांत जास्त असतो, साधारण दोन तास टिकतो. म्हणून अर्ध्या तासाने श्वास, सॅच्युरेशन, बीपी, आणि फुफ्फुसाचा तोच तळ त्याच जागी. लघवीचं भांडं हाताशी द्या, नाहीतर धाप असलेला माणूस उठून संडासाकडे चालू लागतो आणि वाटेत पडतो. कॅथेटर असेल तर तासाची लघवी मोजा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिच्या खाली जात असेल तर कळवा, आणि कळवण्याआधी ट्यूब पिळली गेलेली नाही ना ते बघा.

---

इंटर्न_मेडिसिन

एकच शेवटचं. आकडे अर्ध्या तासाने सुधारले, पेशंट आडवा होऊ शकतो, तर आधी सोडलेली तपासणी त्याच वेळी पूर्ण करायची की सकाळी?

---

इन्चार्ज_मेल_मेडिकल

त्याच ड्युटीत. पोट, पावलांच्या बेचक्या, टाचा, तोंड, ब्रॅडन स्कोअर (दाबाने जखम होण्याचा धोका मोजणारा). ब्रॅडनमध्ये १८ किंवा खाली आला तर दर दोन तासांनी बाजू बदलायचं त्याच वेळी लावून द्या, कारण रात्रभर बसून राहिलेल्या माणसाचं सगळं वजन माकडहाडावर असतं. तिथली त्वचा सावळी असेल तर लाली दिसणार नाही. हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघा, शेजारच्या त्वचेपेक्षा कडक किंवा मऊ लागते का ते बघा. हँडओव्हरमध्ये मूळ नोंद आणि नंतरची नोंद वेगवेगळ्या वेळांनी दाखवा, एकाच तपासणीत मिसळू नका.